रमशीलेच्या झाडाखाली पार्किंग

आमच्या पनवेलजवळच्या कामोठ्यात माणूस कसा आहे हे कळायला त्याच्या घरी जावं लागत नाही. तो गाडी कुठे लावतो आणि त्याच्या जागेवर दुसऱ्यानं लावली तर काय करतो, एवढं पाहिलं की पुरतं. मी भूगोलाची शिकवणी घेणारा, चार चौघांत मऊ बोलणारा मनुष्य. पण इमारतीखालच्या माझ्या जागेमागे भिंतीवर मी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी आहे: 'खाजगी जागा. गाडी लावल्यास चारही चाकांची हवा काढली जाईल.' ही पोकळ धमकी नाही. आजवर तीन गाड्यांची काढली आहे. त्यातली एक माझ्या मेव्हण्याची निघाली. हवा काढायची पिन मी किल्लीच्या जुडग्यातच अडकवून ठेवतो.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं ते कुणा सज्जन माणसाला घडलं असं वाचकांना वाटायला नको.

मार्च सरत आला, दहावीची परीक्षा संपली, शिकवणीचा गाळा ओस पडला आणि मी जवळच्या नेरे गावातल्या रामदासला फोन केला. रामदास माझा शाळेपासूनचा मित्र. आगरी. डोंगराच्या पायथ्याशी त्याची भातशेती आहे, म्हणजे अर्धी आहे; उरलेल्या अर्ध्यात मुंबईकरांची फार्महाऊस उभी आहेत. "नवी गाडी घेतलीय, ऑटोमॅटिक," मी म्हणालो. "नवेगावचं राष्ट्रीय उद्यान बघू या. थेट गोंदियाकडे."

"थय मासली गावंल का?" एवढंच त्यानं विचारलं. मग स्वतःच उत्तर देऊन सुकटीची भली मोठी पिशवी घेऊन आला आणि माझ्या नव्याकोऱ्या गाडीच्या डिकीत ठेवली. निघताना मी गाडीचं कव्हर दोन विटा ठेवून माझ्या रिकाम्या जागेवर पसरलं, म्हणजे आमच्या मागे कुणी ती बळकावायला नको.

पनवेल ते गोंदिया हा राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास मी वर्णन करत नाही. त्यात वर्णन करण्यासारखं फक्त रामदासचं घोरणं आहे. ते साधं घोरणं नव्हे. आधी दूरवर डंपर रिव्हर्स येतोय असं वाटतं, मग तो जवळ येतो, मग अंगावर येतो.

तळं

नवेगावच्या तळ्याबद्दल मी वर्गात वीस वर्षं शिकवत आलो आहे. फळ्यावर एक निळा ठिपका काढायचो आणि पुढच्या धड्याकडे वळायचो. त्या ठिपक्याच्या काठावर सकाळी उभा राहिलो आणि विद्यार्थ्यांची मनोमन माफी मागितली. डोंगर चहूबाजूंनी वाकून आत बघत होते, जणू पाण्यात काही पडलंय आणि ते शोधतायत. पाण्यावर वाफ. वाफेतून हळदी-कुंकू बदकांची एक रांग आली, मधोमध थांबली, काहीतरी ठरवल्यासारखी वळली आणि परत वाफेत गेली. पाणकावळे पंख पसरून बसले होते. कुणालाही कसलीही घाई नव्हती. मी घड्याळाकडे पाहिलं आणि मलाच लाज वाटली.

रामदासनं कपाळावर हात आडवा धरून चारी काठ न्याहाळले. शेवटी म्हणाला, "मास्तर, यवरा पानी नि एक बी बिल्डरचा बोर्ड नाय."

दुपारी जंगलातून जाणाऱ्या रस्त्याला लागलो. पानगळ झालेली. साग उघडे, मधूनच एखादा पळस अजून पेटलेला, आणि हवेत एक गोडसर, आंबूस, डोक्यात चढणारा वास, जो कशाचा ते आम्हाला कळेना. एका वळणावर गवे रस्ता ओलांडत होते. सात होते. पहिला रस्त्यावर आला तेव्हा मला वाटलं, डोंगराचा एक तुकडा सुटून चालायला लागला. गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे, पाठीवर ऊन चकाकतंय, आणि चालणं असं की जमीन त्यांच्या पायाखाली सरकत असावी. श्वास रोखून बघण्यासारखं ते दृश्य. आणि मी काय केलं? हॉर्न वाजवला.

ठरवून नाही वाजवला. पनवेलच्या माणसासमोर कुणी आडवं आलं की हात आपोआप तिथे जातो.

शेवटचा गवा थांबला. त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, मोठ्या माणसानं सभेत शिंकलेल्या पोराकडे पाहावं तसं.

रामदासनं माझ्या हातावर चापट मारली. "आरं, यो काय आपल्या कलंबोलीचा सर्कल हाय काय?"

जागा

असल्या अपमानानंतर माणसाला विश्रांती हवी असते. ऊन मी म्हणत होतं. रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर एक प्रचंड झाड दिसलं. दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असा बुंधा, फांद्यांवर पानं थोडीच, आणि टोकाटोकांना मळकट पिवळ्या फुलांचे झुबके. सावली बेताचीच होती. पण कामोठ्याच्या माणसाला सावली नको असते, जागा हवी असते. आणि जागा काय होती! सगळ्या जंगलात वाळल्या पानांचा घोट्याएवढा थर, आणि या एका झाडाखाली मात्र जमीन स्वच्छ झाडलेली, वर शेणाचा हलका हात फिरवलेला. मध्ये माझी गाडी बसेल आणि चहूबाजूंनी दार उघडेल एवढी मोकळी. वनखात्यानं पर्यटकांसाठी केलेली सोय, असं मी रामदासला समजावून सांगितलं.

रामदास खाली उतरून जमिनीकडे बघत होता. "मास्तर, यो कोनाचा तरी खला दिसतंय. घरचा माणूस सारवतंय असा. गाडी नको घालू."

"इथे कोण येतंय खळं करायला? जंगल आहे हे." आणि मी गाडी अगदी मधोमध, बुंध्यापासून समान अंतर राखून, एका फटक्यात लावली. रिव्हर्स न घेता. मला त्याचा अभिमानही वाटला.

मग इंजिन बंद केलं, पण बटण चालू ठेवलं, म्हणजे पंखा फिरत राहील, गाणी वाजत राहतील आणि दोन्ही फोन चार्ज होतील. सीट मागे टाकली. डंपर रिव्हर्स येऊ लागला. मीही झोपलो.

काचेवर टकटक झाली तेव्हा ऊन उतरलं होतं. बाहेर एक म्हातारी उभी होती. अंगानं काटकी, केस पांढरे, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण, आणि हातात झाडाच्या डहाळ्यांचा खराटा. तिनं आधी गाडीकडे पाहिलं. मग चाकांखालच्या जमिनीकडे. मग माझ्याकडे. मी सीट सरळ करून वाट बघू लागलो, कारण असा क्रमानं बघणारा माणूस पुढे काय बोलतो हे मला स्वतःच्या अनुभवावरून पाठ आहे.

ती म्हणाली, "जेवले का?"

"मावशी, इथे पार्किंगची पावती कुठे मिळते?" मी विचारलं.

"कायची पावती?" ती म्हणाली. "कोठचे होय तुमी?"

"पनवेलचे."

"थे कोठं आलं?"

भूगोल शिकवणाऱ्या माणसाला आपलं गाव कुठे आलं हे सांगता आलं नाही. "समुद्राकडं," रामदासनं सांगितलं.

"दूरून आले बापा," ती म्हणाली. "एक काम करता का? गाडी जराशी बाजूले घेता? पहाटं मोह पडते हितं."

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. हे मोहाचं झाड, तो हवेतला वास या फुलांचा, आणि ही झाडलेली जमीन पहाटे गळणारी फुलं झेलण्यासाठी. शंभरदा माफी मागत मी बटण दाबलं. गाडी 'टक' म्हणाली. पुन्हा दाबलं. या वेळी तेवढंही म्हणाली नाही. आमचा पंखा, गाणी आणि दोन फोन यांनी मिळून बॅटरी पिऊन टाकली होती.

रुसलेली

जवळच दहा-पंधरा घरांचा टोला होता. तिथून माणसं आली. त्यांच्या पुढे म्हातारीचा दीर देवाजी, मिश्या पांढऱ्या आणि आवाज ढोलासारखा. आठ-दहा जणांनी मिळून गाडीला खांदा दिला. गाडी तसूभर हलली नाही. ऑटोमॅटिक गाडी बंद पडली की चाकं आतून अडकतात आणि बॅटरीशिवाय सुटत नाहीत, ही माहिती मला त्या क्षणी मिळाली.

"बैल बसला का असाच करते," देवाजी म्हणाला. "शेपटी पिरगाळा मनावं."

"याला शेपटी नाय भाऊ, कंप्युटर हाय," रामदास म्हणाला.

सगळे हसले. मीही हसलो. फक्त म्हातारी हसली नाही. ती बुंध्याला टेकून बसली होती आणि झाडावर बघत होती. तिचं नाव सुकवारीबाई. मी देवाजीला हळूच विचारलं, "दुसरं झाड नाही का त्यांचं?"

"हे बी तिचं नाई," देवाजी म्हणाला. "रमशीलाचं होय. तिच्या पोरीचं."

मग त्यानं सांगितलं. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी सुकवारीबाई दिवस भरलेले असताना मोह वेचायला आली आणि रमशीला इथेच, या झाडाखाली जन्मली. तेव्हापासून झाड पोरीचं. लग्न होऊन ती सासरी गेली तरी झाड तिचंच. आई फक्त राखते. दर वर्षी मोह भरात आला की रमशीला एका पहाटे येते, मायलेकी मिळून वेचतात आणि दुसऱ्या दिवशी ती परत जाते. गेली दोन वर्षं आली नव्हती. सासू अंथरुणाला खिळली होती, घर सोडता येत नव्हतं.

"मग आता?"

"आता उद्या येऊन रायली," देवाजी म्हणाला. "सुकवारी आठ दिस झाले जमीन सारवून रायली."

मी खाली पाहिलं. माझ्या पुढच्या चाकानं सारवलेल्या जमिनीवर एक लांबलचक ओरखडा काढला होता. तीन गाड्यांची हवा काढताना मी चाकाखालची जमीन कधी पाहिली नव्हती. आता वाकून तो ओरखडा तळव्यानं बुजवायला गेलो, तर तो आणखी रुंद झाला. गावातला एकमेव ट्रॅक्टर तालुक्याला गेला होता, तो सकाळी येणार. त्याच्या बॅटरीवर गाडी सुरू होईल, पण तोवर मोह पडून जाणार आणि तो माझ्या टपावर, काचांच्या फटींत, चाकांच्या मळात पडणार. फोन लावून कुणाला विचारावं तर चार्जिंग पूर्ण आणि रेंज शून्य.

सुकवारीबाई उठली. "असू द्या," ती म्हणाली. "गाडी नाई हालत तं नाई हालत. मोह तं पडनच. जमिनीवर नाई तं हिच्यावर पडल." आणि घराकडे गेली.

परतली ती दोन लुगडी घेऊन. एक जांभळं, एक विटलेलं हिरवं. मग बाकीच्या बायका आपापल्या घरी गेल्या आणि पाचोळ्यासारखे कपडे येऊ लागले: साड्या, चादरी, धोतर, धान वाळवायची ताडपत्री. रामदासनं लुंगी काढून दिली आणि बर्म्युडावर वावरू लागला. मी? माझ्याकडे गाडीचं उत्तम, जाड, मापाचं कव्हर होतं. ते कामोठ्यात दोन विटांखाली रिकाम्या जागेची राखण करत होतं.

बायकांनी एक टोक खालच्या फांदीला, दुसरं गाडीच्या आरशाला, तिसरं दाराच्या कडीला असं बांधत बांधत गाडीवर मांडव घातला. समोरच्या काचेपुढे तेवढी हातभर फट राहिली. कुणी रागावलं नाही. एकीनं वायपरला गाठ मारताना मला विचारलं, "हे कायले असते?" मी सांगितलं, पाणी पुसायला. "मंग तुमीच हात बाहीर काढून पुसाचं ना," ती म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या.

वरण-भात आणि पाट्या

जेवायला सुकवारीबाईच्या अंगणात बसलो. मोठमोठ्या पळसाच्या पानांच्या पत्रावळी, त्यावर भाताचा डोंगर, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि बोडीतले, म्हणजे गावतळ्यातले, बोटाएवढे मासे. रामदास मासे बघून हळवा झाला. आमच्याकडच्या कालवणासारखं तिखटजाळ काही नव्हतं. हळद, मीठ, ठेचलेला लसूण, आणि माशाची माशासारखी चव. रामदासनं सुकटीची पिशवी आणून सुकवारीबाईपुढे ठेवली. तिनं हुंगली, डोळे मिटले, पुन्हा हुंगली. "समुद्र असा वासते काय?" तिनं विचारलं. रामदास म्हणाला, "व्हय. असाच." मी इतकी वर्षं समुद्राची व्याख्या मुलांकडून घोकून घेतोय.

मी विचारलं, "मावशी, इतकी झाडं जंगलात. कुणाचं कुठलं ते कसं कळतं? पाट्या नाहीत, खुणा नाहीत."

"पाटी कायले? झाडाले मालूम हाये, आमाले मालूम हाये."

"आणि दुसऱ्यानं येऊन वेचलं तर?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी काही घाणेरडं बोललो असावं. देवाजीनं मला सोडवलं. "दुसरा एकच येते," तो म्हणाला. "अस्वल. त्याले सांगून पाहा."

हास्य पसरलं. त्या हास्यात, लाजेनं आणि भाताच्या सुस्तीनं, मी एक वाक्य बोलून गेलो: "पहाटे राखण मी करतो. माझ्यामुळे झालंय."

आणखी मोठं हास्य. पण सुकवारीबाई हसली नाही. "करू द्या," ती म्हणाली. "त्याच्या मनाले बरं वाटन." देवाजीनं मला एक पत्र्याचा डबा आणि लोखंडी पळी दिली. अस्वल आलं की गाडीतून उतरायचं नाही, डबा वाजवायचा, ते जातं. सोपं काम. चौथीतल्या पोरालाही जमेल असं.

पहाट

अंगणातल्या खाटांवरून उठून तारे असतानाच आम्ही गाडीत जाऊन बसलो. रामदास मागच्या सीटवर आडवा झाला आणि त्याचा डंपर गियरमध्ये पडायच्या आत थांबला, तेवढी देवाची कृपा. माझ्या बाजूची काच चार बोटं उघडी अडकली होती. तिथून गारवा येत होता आणि तो वास, आता इतका दाट की चमच्यानं उचलावा.

मग पहिलं फूल पडलं.

टप्प. डोक्यावरच्या लुगड्यावर. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरं. मग तिसरं आणि चौथं एकदम. आणि मग, वारा नाही, हालचाल नाही, काही कारण नाही, आणि सगळं झाड गळू लागलं. पाऊस पडतो तेव्हा तो कुठून तरी येतो. हे कुठून येत नव्हतं. झाड आपणहून एक एक मूठ उघडत होतं. कापडावर मऊ टपटप, ताडपत्रीवर जाड टपटप, दूर जमिनीवर जेमतेम ऐकू येणारी. उजेड फुटू लागला तसं फटीतून दिसलं, जमीन पांढरी होत चालली होती. मोत्याएवढी, रसानं टचटचीत, किंचित पिवळी फुलं. आजूबाजूच्या रानात दूरदूर तेच चाललं असणार, शेकडो झाडांखाली, कुणी बघत असो वा नसो. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, गाडीत डबा मांडीवर घेऊन बसलो होतो आणि माझे डोळे का भरून आले ते मला आजही सांगता येणार नाही. वर्गात 'पानझडी वने' एवढं म्हणून मी पान उलटत आलो होतो.

मग समोरच्या फटीत एक काळा ढीग आला.

आधी वाटलं, कुणी घोंगडी पांघरून आलंय. मग घोंगडीनं बोनेटवर दोन पंजे ठेवले. नखं माझ्या बोटांएवढी. लांब मातकट तोंड, छातीवर पांढरा चांद, केसांत वाळलेली पानं अडकलेली. माझ्यात आणि त्याच्यात एक काच. त्यानं बोनेटवरच्या जांभळ्या लुगड्यावर 'फूं' करून कचरा उडवला आणि 'सुर्रर' करून फुलं ओढून घेतली. पुन्हा फूं, पुन्हा सुर्रर. आमच्याकडे लग्नात मठ्ठा पिणारे असतात, अगदी तसं. त्याच्या ओल्या नाकावर एक फूल चिकटलं होतं ते त्यानं जीभ वर करून काढलं. डोळे बारीक, गंभीर, आणि इतके जवळ की त्यांत फटीतल्या उजेडाचा ठिपका दिसत होता.

डबा मांडीवर होता. पळी हातात होती. हात मात्र माझा राहिला नव्हता. खरं सांगतो, निम्मी भीती होती. निम्मं असं की असा प्राणी जेवत असताना पत्र्याचा डबा वाजवायचा हा मला गव्यासमोरच्या हॉर्नइतकाच उद्धटपणा वाटत होता.

तेवढ्यात गावाच्या वाटेनं बायकांचा बोलण्याचा आवाज आला. दोन आवाज. एक सुकवारीबाईचा, दुसरा तरुण, हसरा. सरळ झाडाकडे येत होत्या.

अस्वलाचं सुर्रर थांबलं. त्यानं मान आवाजाकडे वळवली.

आता मात्र वाजवायलाच हवं होतं. मी पळी उचलली आणि ती घामेजल्या हातातून निसटून सीटखाली गेली. पायानं चाचपून शोधतोय, सापडत नाही. सवयीनं मी हॉर्नवर हात मारला. आयुष्यात पहिल्यांदा हॉर्नची खरी गरज होती आणि तो मेलेला होता.

आणि मागच्या सीटवर डंपर रिव्हर्स आला.

पनवेलपासून मला छळत आलेलं ते घोरणं बंद गाडीत, लुगड्यांच्या मांडवाखाली असं घुमलं की आरसा थरथरला. अस्वल दोन पायांवर उभं राहिलं. ज्या गोष्टीवर आपण जेवतोय ती जिवंत आहे आणि तिला जाग येतेय, असं त्याला वाटलं असावं. दुसरा सूर लागला. बोनेटवर नखांचा कर्रर आवाज झाला, जांभळं लुगडं टर्रकन फाटलं आणि तो काळा ढीग धबडधबड करत रानात नाहीसा झाला.

"आलो काय?" रामदासनं मागून विचारलं. "कलंबोली आली?"

मी डबा घेऊनच दार उघडून बाहेर पडलो. वाटेवर मायलेकी उभ्या होत्या. नवऱ्यानं फटफटीवरून आणून सोडलेली रमशीला, डोक्यावर टोपली, पायात धूळ. सुकवारीबाईनं तिला आदल्या दिवसाचं काहीच सांगितलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. तिनं पांढरी जमीन पाहिली. मध्ये फुलांनी लादलेला, झोळ पडलेला रंगीबेरंगी मांडव पाहिला. मांडवाखालून डोकावणारी गाडी, बर्म्युडातला रामदास आणि रिकामा डबा छातीशी धरलेला मी.

झाडावरून फुलं पडतच होती. दोन तिच्या टोपलीत पडली. मी मनात शब्द जुळवू लागलो.

"माय," ती म्हणाली, "माया झाडाखाली कोनाचं लगन लागलं वं?"

"ह्या पनवेलवाल्याचं," सुकवारीबाई म्हणाली. "नवरी रुसून बसली. कालपासून हालत नाई."

आणि दोघी हसायला लागल्या. हसता हसता रमशीलेनं टोपली खाली ठेवली, बुंध्याजवळ गेली आणि दोन्ही तळवे सालीवर टेकवून उभी राहिली. पाठमोरी. हसणं थांबलेलं होतं. सुकवारीबाईनं तिच्याकडे न बघता पदरानं आपलं नाक पुसलं आणि फाटलेलं लुगडं उचलून पाहिलं.

"मावशी, अस्वल आलं होतं," मी कबूल केलं. "बोनेटवरचं सगळं खाल्लं. मी डबा वाजवलाच नाही."

"त्याचा वाटा असते," ती म्हणाली. "पर लुगडं बी पायजे होतं काय त्याले?"

दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल आपण उचलायचं नाही, हे आता मला पाठ झालं होतं. म्हणून मी हात मागे बांधून उभा होतो. रमशीलेनं जमिनीवरचं पहिलं फूल उचलून झाडाच्या मुळाशी ठेवलं, दुसरं आईच्या हातावर, आणि तिसरं माझ्या. "आता वेचा," ती म्हणाली. मी ते फूल खाल्लं. आधी द्राक्षासारखं गोड, मग मनुकेसारखं, आणि गिळल्यावर मागे असं काहीतरी उरतं की आपण रानाचीच चव घेतली असं वाटतं.

चौघांनी वेचलं. माझे गुडघे पहिल्या पंधरा मिनिटांत संपले आणि मी बसून, सरकत सरकत वेचू लागलो, तशी रमशीला म्हणाली, "काका सारवून बी रायले." रामदासचा हात मात्र भातलावणीचा, झरझर चालत होता.

"मास्तर," तो एकदम म्हणाला, "आमच्या बांधावर बी एक मोह व्हता. डोंगरातल्या वाडीच्या बायका येयाच्या येचायला. फार्महाऊसचा रस्ता काडला तवा तोडला मी." त्यानं ओंजळ टोपलीत सोडली. "कोनाचा हाय ते इचारलाच नाय."

माझी पाटी मला आठवत होती.

परत

ट्रॅक्टर आला, बॅटरीला बॅटरी जोडली, नवरी उठली. मी ती पायवाटेपर्यंत नेऊन उभी केली आणि परत येऊन सुकवारीबाईच्या खराट्यानं चाकांचे ओरखडे पुसले. ते काही नीट पुसले गेले नाहीत. तिनं माझ्या हातातून खराटा काढून घेतला आणि दोन फटक्यांत पुसले.

निघताना रमशीलेनं वाळलेल्या मोहाची पुरचुंडी दिली. सुकवारीबाई खिडकीशी वाकली. "पुढच्या साली या," ती म्हणाली. "गाडी नका आनू. हात आना."

पनवेलला पोचल्यावर आमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो. त्यानं गियरच्या शेजारचं एक इवलंसं झाकण उचकटून दाखवलं. आत पेनाचं टोक दाबलं की बॅटरी नसतानाही चाकं सुटतात. "एक पेन पाहिजे फक्त, सर," तो म्हणाला. मोहाखाली अडकलो त्या संध्याकाळी माझ्या शर्टाच्या खिशात चार पेनं होती. तीन निळी, एक लाल. बोनेटवरच्या नखांच्या चार रेघा बुजवून देऊ का, असंही त्यानं विचारलं. मी नको म्हणालो.

दिवेलागणीला कामोठ्यात शिरलो. माझ्या जागेवर एक परकी गाडी उभी होती. माझं कव्हर नीट घडी करून बाजूला, त्यावर दोन विटा. आमचं इंजिन ऐकून गॅलऱ्यांमध्ये माणसं जमू लागली. आमच्या इमारतीत करमणुकीची साधनं कमी आहेत. दुसऱ्या मजल्यावरून एक अनोळखी तरुण चप्पल न घालताच धावत खाली आला.

"काका, सॉरी, पाटी नंतर बघितली, मी पाहुणा आलोय, प्लीज हवा..."

रामदास माझ्या किल्लीच्या जुडग्याकडे बघत होता. मी त्या गाडीकडे पाहिलं. मग तिच्या चाकांखालच्या फरशीकडे. मग त्याच्याकडे.

"जेवलात का?" मी विचारलं.

वरून बायकोचा आवाज आला, "अहो, ऊन लागलंय का तुम्हाला?"

पोरगा जेवला नव्हता. त्याला आणि रामदासला वर पाठवलं, आणि माझी गाडी घेऊन मी सेक्टरच्या टोकाला, नाल्याकडच्या बदामाच्या झाडाखाली गेलो. तिथे गाडी लावण्याआधी खाली उतरलो आणि जमीन कुणी झाडून ठेवलेली नाही ना, ते वाकून पाहिलं.